बारा दिवसांचं बाळ: रात्री घुरघुर, मध्येच श्वास थांबतो. घाबरायचं कधी, आणि डॉक्टरांना निदान कळतं कसं?

विडीघरकुलची लेक

नमस्कार. मी सध्या बाळंतपणाला माहेरी आहे, सोलापुरात विडी घरकुलला. मुलगा झालाय, आज बारावा दिवस. छत्तिसावा आठवडा पुरा होताच बीपी वाढलं, म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर केलं. बाळ लगेच रडलं, पण तासाभरात श्वास जोरजोरात चालायला लागला म्हणून त्याला पेटीत ठेवलं. नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन, छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, सगळं झालं. "फुफ्फुसात पाणी राहिलंय, दोन-तीन दिवसांत ओसरेल" असं डॉक्टर म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी खरंच श्वास शांत झाला. डिस्चार्ज कार्डावर टीटीएन लिहिलंय. अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली होती, ती दोन दिवसांनी बंद केली.

आता घरी आल्यावर रात्री नाकातून खरखर, घुरघुर असा आवाज येतो. झोपेत मध्येच श्वास थांबतो, मी बघत बसते, मग एकदम भराभर घेतो आणि परत नीट. आमची अव्वा, म्हणजे आजी, म्हणते, "पोट उडायलंय, कफ भरलाय." तिचं म्हणणं नाकात कोमट तेलाचे थेंब सोडू, ओव्याची धुरी देऊ. भावाकडं कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लावलं तर आधी ८४, मग ९७, मग नुसत्या रेघा. ८४ बघून आईचे हातपाय गळाले.

दूध जोरात ओढतो. सात-आठ दुपटी ओली करतो. अंग गरम नाही. दवाखान्यात पुढची तारीख तीन दिवसांनी आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे दुखणं आहे की नाही, ते घरी कसं ओळखायचं? आणि दवाखान्यात तो न्यूमोनिया नव्हता, पाणीच होतं, हे त्यांनी कशावरून ठरवलं? तेव्हा विचारायचं सुचलंच नाही. अव्वाला काय सांगू तेही कळेना.


अक्कलकोट रोड

ताई, धीर धरा. आमची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली. तिला "फुफ्फुसाचं औषध" थेट श्वासनळीतून दिलं होतं आणि नाकाला सीपॅपची, म्हणजे दाबानं हवा देणाऱ्या यंत्राची, नळी होती. आता शाळेत जाते. आम्ही घरी आल्यावर तिच्याजवळ कुणाला खोकूसुद्धा देत नव्हतो. आवाज आमच्याही मुलीचा यायचा. पण मी डॉक्टर नाही, म्हणून तुमच्या बाळाबद्दल काही सांगत नाही. इथं एक सिस्टर आहेत, त्या लिहितील. तोपर्यंत तेल मात्र घालू नका एवढं नक्की.


निवृत्त सिस्टर

पोरी, तुझी पोस्ट आत्ता वाचली. माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

बाळ जोरात ओढतंय, दुपटी ओली करतंय, अंग गरम नाही, हे वाचून मला निम्मा धीर आला. राहिलेला निम्मा तू मला मोजून दे. हे वाचून झालं की मोबाईलवर घड्याळ लाव आणि बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोज.

लोक आवाजाला घाबरतात. वॉर्डात आम्ही आवाजापेक्षा पोटाकडं बघायचो. जे बाळ घुरघुरतंय पण मजेत दूध पितंय, ते बहुतेक वेळा फक्त नाक चोंदलेलं असतं. नवजात बाळाच्या नाकाची भोकं ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि ते श्वास मुख्यतः नाकानंच घेतं. जरासा शेंबूड किंवा उलटून आलेलं दूध अडकलं तरी घरभर ऐकू येतं. उलट काही आवाज न करता, गुंडाळलेल्या दुपट्याच्या आत भराभर श्वास घेणारं बाळ असतं ना, त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. "शांत आहे, झोपलंय" असं सगळे म्हणतात. दुपटं सोडलं की कळतं. म्हणून पहिलं काम, दुपटं सोड.

मोजायचं कसं ते नीट सांगते. बाळ झोपलेलं किंवा शांत पडलेलं हवं. रडताना, दूध पिताना किंवा नुकतंच पिऊन झाल्यावर मोजायचं नाही. झबलं काखेपर्यंत वर घे, उजेड बाळाच्या अंगावर पडू दे. पोटावर हात ठेवू नको, हात लागला की श्वास बदलतो. फक्त बघ. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. नवजात बाळाचा श्वास सारखा चालत नाही, कधी थबकतो, कधी धावतो, त्यामुळं पंधरा सेकंदांचा हिशोब हमखास चुकतो. पूर्ण ६० सेकंद मोजायचे.

साधारण ३० ते ६० च्या मध्ये आकडा आला तर ठीक. ६० किंवा त्याच्या वर आला तर पाच-दहा मिनिटं थांबून, बाळ पुन्हा शांत झालं की परत मोज. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर असेल तर तारखेची वाट बघायची नाही, तेव्हाच दवाखाना. आशाताईंनाही हेच शिकवलेलं असतं. ही श्वास मोजायची गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं शाळा न शिकलेल्या बायांनाही श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं एक उपकरण केलं होतं. ज्यांना साठपर्यंत अंक येत नव्हते त्या बायांनी त्यावर न्यूमोनिया ओळखला. घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं त्यांचं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' मासिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्याची मुळं तिथं आहेत. तुझ्याकडं तर मोबाईल आहे आणि तू शिकलेली आहेस.

आता अव्वाचं. अव्वा बघते ती जागा बरोबर आहे, तिला तसं सांग. जुन्या बायका पोटाकडं आणि बरगड्यांकडंच बघायच्या. फरक एवढाच की सगळ्याच नवजात बाळांचं पोट श्वासाबरोबर वर-खाली होतं. ते पोटानंच श्वास घेतात. आपण बघायचं ते असं: पोट वर येताना छाती पण वर येते का? का पोट वर आणि छाती आत, असं उलटसुलट चाललंय? बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का? छातीच्या मधल्या हाडाच्या खाली, जिथं पोट सुरू होतं, तिथं प्रत्येक श्वासाला खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो का?

हे मी मनानं सांगत नाही. सिल्व्हरमन आणि अँडरसन यांनी १९५६ मध्ये नेमक्या याच पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत काढली. प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. इथं शून्य म्हणजे बाळ छान, आणि आकडा वाढेल तशी धाप जास्त. जन्मल्यावर अपगारचे गुण देतात त्याच्या उलट, तिथं १० चांगले. नातेवाईकांचा यात फार गोंधळ व्हायचा. कार्डावर "सिल्व्हरमन १" बघून एक आजोबा माझ्यासमोर रडले होते, दहापैकी एकच मिळाला म्हणून. त्यांना खाली बसवून समजावलं.

या पाचांत मला सगळ्यात जास्त काळजी कण्हण्याची वाटते, कारण घरात तेच चुकीचं वाचलं जातं. बाळ "ह्ं... ह्ं..." करतं आणि घरची म्हणतात पोट दुखतंय, गुटी द्या, हिंग लावा. शी करताना, आळस देताना बाळ कुंथतं ते वेगळं. ते तेवढ्यापुरतं असतं, तोंड लाल होतं आणि संपतं. पण प्रत्येक श्वास सोडताना कण्हणं चालू असेल तर बाळ आपला घसा अर्धवट मिटून फुफ्फुसातली हवा धरून ठेवायची धडपड करतंय. फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून. अशा वेळी एक मिनिटही घरी थांबायचं नाही. धाप असताना गुटी, पाणी, चमच्यानं दूध, काहीही तोंडात घातलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं.

रंग बघायचा तो ओठ आणि जिभेचा. हातपाय निळसर दिसले तर पहिल्या दिवसांत किंवा थंडी लागली की ते होतं. आपली बाळं सावळी असतात, अंगावर निळेपणा कळत नाही, म्हणून जीभ आणि हिरड्या उजेडात बघायच्या. त्या निळ्या किंवा राखाडी दिसल्या तर लगेच निघायचं.

श्वास थांबतो म्हणालीस. पाच-दहा सेकंद थांबला, मग भराभर, मग परत नेहमीसारखा, आणि या सगळ्यात रंग बदलला नाही, तर तो नवजात बाळांचा नेहमीचा प्रकार आहे. थोडं आधी जन्मलेल्या बाळात तो जास्त दिसतो. २० सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबला पण बाळ निळं पडलं, ढिलं पडलं, तर मात्र ते धोक्याचं आहे. तू "बघत बसते" म्हणालीस तिथं आता सेकंद मोजत जा.

तेल नाकात अजिबात नाही. ते आत फुफ्फुसात उतरतं आणि तिथून निघत नाही, त्यानंच न्यूमोनिया होतो. धुरी नाही. पावडरचा डबा बाळाजवळ झटकायचा नाही. तुमच्या घरी विड्या वळत असतील तर तंबाखूचं सूप आणि बाळ एका खोलीत नको. विडी घरकुलची घरं मला ठाऊक आहेत, जागा थोडी असते, पण तेवढं दारात किंवा ओसरीत बसायला सांग. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे नाकाचे थेंब मिळतात. पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब. मोठ्यांचे सर्दीचे थेंब नव्हेत.

आणि एक. आता सोलापुरात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि आपल्याकडं बाळाला टोपरं, झबलं, वर दोन दुपटी आणि जवळ शेगडी. अंग तापलं की श्वास वाढतो. मोजताना आकडा जास्त आला तर आधी एक दुपटं काढून, वारा लागू देऊन परत मोज. गारठलं तरीही वाढतो, पण या दिवसांत ती भीती कमी.

मोजून इथं आकडा लिही.


बार्शीकर बालरोग

सिस्टरांनी तपासणीबद्दल इतकं नीट लिहिलंय की मला तिथं काही घालायचं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथं लिहिलेलं तपासणीच्या जागी धरू नका.

पोटात असताना बाळाचं फुफ्फुस पाण्यानं भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात जी संप्रेरकं वाढतात, ती फुफ्फुसाला पाणी तयार करणं थांबवून शोषून घ्यायला लावतात. कळांआधीच सिझर झालं की ही तयारी अपुरी राहते. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच श्वास जलद होतो आणि बहुतेक बाळांचा एक ते तीन दिवसांत शांत होतो. टीटीएन ते हेच. तुमची गोष्ट, म्हणजे ३६ आठवडे, कळांविना सिझर, तासाभरात सुरुवात, तिसऱ्या दिवशी आराम, ही यात चपखल बसते. आम्ही एक्स-रेच्या आधी हेच विचारतो: किती आठवडे, कळा होत्या का, पाणी कधी फुटलं, आईला ताप होता का, बाळानं पोटात शी केली होती का, श्वास कितव्या तासाला वाढला. निम्मं निदान तिथंच होतं.

एक्स-रेत टीटीएनला फुफ्फुसाच्या कप्प्यांमधल्या भेगेत पाण्याची रेघ दिसते, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषा दिसतात. फार आधी जन्मलेल्या बाळात फुफ्फुसं धूसर, घासलेल्या काचेसारखी दिसतात आणि आकारानं लहान असतात. पोटात केलेली शी श्वासात गेली असेल तर ठिकठिकाणी डाग आणि काही भाग हवेनं फुगलेला. एक्स-रेत आणखीही गोष्टी बघतो: हृदय मोठं आहे का, फुफ्फुसाबाहेर हवा सुटली आहे का, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला भोक असून आतडी छातीत चढली आहेत का. हवा सुटल्याची शंका असेल आणि बाळ हलवण्यासारखं नसेल तर खोलीत अंधार करून छातीला प्रखर दिवा लावतो. ज्या बाजूला हवा सुटली ती बाजू उजळून दिसते.

आता मुद्द्याचं. नवजात बाळाचा न्यूमोनिया एक्स-रेत यांतल्या कशासारखाही दिसू शकतो. पहिल्या दिवशी छातीठोकपणे "हा न्यूमोनिया नाही" असं कुणालाच म्हणता येत नाही. म्हणून रक्त कल्चरला पाठवतात, अँटिबायोटिक सुरू करतात आणि वाट बघतात. ४८ तासांत कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत, बाकीच्या तपासण्या ठीक आल्या आणि बाळ स्वतःहून सुधारत गेलं, तर औषध बंद. तुमच्याकडं दोन दिवसांनी इंजेक्शनं बंद झाली ती याच पद्धतीनं झालेली दिसतात. म्हणजे टीटीएन हे निदान बरेचदा मागे वळून पक्कं होतं.

याचा दुसरा अर्थ तुम्हाला आज महत्त्वाचा आहे. टीटीएन ओसरून गेला की परत येत नाही. बाराव्या दिवशी श्वास जलद झाला तर "त्याला आधीपासूनच पाण्याचा त्रास आहे" असं म्हणून थांबायचं नाही. ते नवीन दुखणं धरायचं: जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, किंवा हृदय. हृदयाचे काही दोष पहिल्या दोन आठवड्यांतच उघडे पडतात, कारण जन्माआधीची एक रक्तवाहिनी त्या काळात बंद होते. पाजताना बाळ दर मिनिटाला दमून सोडतं का, कपाळावर घाम येतो का, ते बघत राहा. तुमचं बाळ जोरात ओढतंय, हे इथंही चांगलंच लक्षण आहे.

ऑक्सिमीटरचं: ते मोठ्या माणसाच्या बोटाच्या मापाचं आहे. बाळाच्या अंगठ्यावर ते सैल बसतं, प्रकाश बाजूनं निसटतो. बाळ हललं, पाय गार असला की आकडा काहीही येतो. दवाखान्यात तळहात किंवा तळपायाला गुंडाळायची वेगळी पट्टी असते. तुमच्या यंत्रावर दुसरा आकडा नाडीचा असतो. बाळाची नाडी साधारण १२० ते १६० असते. यंत्र ७० किंवा ८० दाखवत असेल तर त्याला बाळाची नाडी सापडलेलीच नाही, मग वरचा ८४ ही खोटा. पण उलटही लक्षात ठेवा. ९७ दिसलं म्हणून धाप लागलेल्या बाळाला घरी ठेवायचं नाही. धाप आधी येते, ऑक्सिजन नंतर उतरतो.

डिस्चार्जच्या आधी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजला होता का, ते कार्डावर बघा. दोन्हीकडं ९५ किंवा वर आणि दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक नाही, असं असेल तर हृदयाचे बरेच गंभीर दोष मागे पडतात. सगळे नाही.

अक्कलकोट रोडवाल्या दादांसाठी: तुमच्या मुलीला दिलं ते सर्फॅक्टंट, फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा पदार्थ. आधी जन्मलेल्या बाळांच्या फुफ्फुसात ते कमी असतं, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. पण ते औषध म्हणून बाळांना देऊन गुण यायला वीसएक वर्षं गेली. मधल्या काळात, १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं साडेचौतीस आठवड्यांचं बाळ दोन दिवसांत गेलं. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाकडंही तेव्हा त्यावर उपाय नव्हता. आज तेवढ्या आठवड्यांची बाळं जिल्ह्याच्या नवजात कक्षातून आईच्या मांडीवर घरी जातात.


हत्तुरे वस्तीची सून

मधेच विचारते, माफ करा. माझी मुलगी दीड महिन्याची आहे. श्वास आत घेताना शिट्टीसारखा, कोंबड्यासारखा आवाज येतो. पाठीवर असली की जास्त, रडली की जास्त. कुणी सांगतं दमा आहे, वाफ द्या.


बार्शीकर बालरोग

दीड महिन्याच्या बाळाला दमा असं कुणी म्हणत नाही. श्वास आत घेताना आवाज म्हणजे अडथळा वर, घशाच्या भागात. या वयात बहुतेक वेळा स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो, तो आत ओढला जातो. मूल वाढेल तसा तो घट्ट होतो आणि वर्ष-दीड वर्षात आवाज जातो. पण हे कुणीतरी बाळाला बघून ठरवायला हवं. वजन वाढत नसेल, पाजताना ठसकत असेल, छातीखाली खड्डा पडत असेल किंवा निळी पडत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ नळीतून आत बघतात. आवाजाचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात नेमका आवाज येत नाही. उकळत्या पाण्याची वाफ नको, भाजलेली बाळं आम्ही बघतो.


विडीघरकुलची लेक

मोजलं. पहिल्यांदा ६४ आलं, माझ्या पोटात गोळाच आला. मग सिस्टरांचं वाचलं आणि बघितलं तर टोपरं आणि दोन दुपटी होती, अंगाला घाम. सगळं काढलं, पंखा लांबून लावला, दहा मिनिटांनी मोजलं तर ५०. रात्री परत मोजलं, ४६. छातीखाली खड्डा नाही, अव्वालाच बॅटरी धरायला लावली होती. ती म्हणाली पोट आणि छाती बरोबरच उठतायत. जीभ गुलाबी. श्वास थांबला तेव्हा मोजलं, सातपर्यंत गेलं आणि सुरू झाला.

ऑक्सिमीटरवर नाडी ७२ दाखवत होतं. भावाला परत दिलं.

कार्डावर उजवा हात ९८, पाय ९७ लिहिलंय.

आईनं सूप बाहेर नेलंय. अजून दोन गोष्टी. दुपारी मी साडीच्या झोळीत झोपवते, चालेल का? आणि समजा रात्री काही झालंच तर कुठं न्यायचं? इथून रिक्षा लवकर मिळत नाही.


निवृत्त सिस्टर

छान मोजलंस. आणि अव्वाच्या हातात बॅटरी दिलीस ते तर फार चांगलं केलंस. आता तुझ्यापेक्षा तीच लक्ष ठेवेल. आकडे चांगले आहेत, हात-पायाचेही. तरी तीन दिवसांनी जायचंच आहे, ते चुकवू नको. वजन तिथं कळेल, आणि श्वासाचा त्रास असलेल्या बाळाचं वजन आधी अडतं. चौदाव्या दिवशी आशाताई येतात, त्यांना कार्ड दाखव आणि त्यांच्या घड्याळावर एकदा मोजून घे.

झोळी नको, एवढ्या लहान बाळाला तर नकोच. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, त्याला ताकदच नसते. सपाट जागेवर, पाठीवर, उशी न घेता झोपव. पालथं नाही. गुंडाळायचं असेल तर छातीवर दोन बोटं आत जातील इतकं सैल.

रात्री न्यायचं तर १०८ ला फोन कर, रिक्षा शोधत बसू नको. फोनवर नुसतं "बाळाला बरं नाही" म्हणू नको. असं सांग: "बारा दिवसांचं बाळ आहे, ३६ आठवड्यांचं, सिझर झालेलं. मिनिटाला इतके श्वास, दोनदा मोजले. छातीखाली खड्डा पडतोय," किंवा कण्हतंय, किंवा जीभ निळी आहे, जे असेल ते. दिवस पुढं जातील तसा आकडा बदल. मग विडी घरकुलचा पत्ता आणि जवळची खूण सांग. सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षात आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि गाडी मोफत असते. पैशाच्या विचारानं रात्र काढायची नाही. सिव्हिलमध्ये गेलीस तर दारातच "नवजात बाळ, श्वासाचा त्रास" असं मोठ्यानं सांग, केसपेपरच्या रांगेत उभी राहू नको. कागद भाऊ काढेल.

गाडी येईपर्यंत बाळाला तुझ्या उघड्या छातीला लाव, उभं, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून दोघांना मिळून साडीचा पदर. धाप नसेल आणि ओढत असेल तर पाज, धाप असेल तर काही देऊ नको. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेची फिल्म एकाच पिशवीत आजच भरून दाराजवळच्या खिळ्याला अडकव.


विडीघरकुलची लेक

पिशवी भरली. झोळी सोडली. अव्वा म्हणतेय, उद्या शेजारच्या घरी नवव्या दिवसाचं बाळ आहे, तिथं पण जाऊन मोजू. त्या पोरीला मोजायचं कसं ते लिहून देऊ का, सिस्टर? तिला मराठी वाचता येत नाही, तेलुगूच येतं.


निवृत्त सिस्टर

लिहून कशाला, समोर बसून दाखव. झबलं वर घ्यायला लाव आणि तिलाच मोजू दे, तू घड्याळ धर. तेलुगूत मोजलं तरी साठ ते साठच.